पाने फाटलेली असल्याने

‘सन अमुक ते सन तमुक या काळातील सूची क्रमांक २ ची काही पाने फाटलेली असल्याने त्या नोंदींची पाहणी करता आली नाही.’ आमच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवा, हे वाक्य तो तोंडपाठ म्हणून दाखवेल. सर्च रिपोर्टच्या तळाला, सहीच्या जरा वर ते असतंच. नवा ज्युनियर ते पहिल्यांदा टाइप करतो तेव्हा त्याला वाटतं, हे फाटलेल्या पानांबद्दल आहे. वर्ष-दोन वर्षांत त्याला उमगतं की ते वकिलाच्या बचावाचं वाक्य आहे.

पानं फाटलेली असतात हेही खोटं नाही. रजिस्टर ऑफिसातलं जुनं सूची रजिस्टर मांडीवर घेतलं की कडांचा भुगा साडीवर सांडतो. वाळवीनं खालचा कोपरा नेलेला असतो. लिहून देणाराच्या नावातलं एवढं ‘शि’ उरलेलं असतं. तो शिंदे होता, शिर्के होता की शितोळे, हे मग सर्व्हे नंबर आणि पलीकडच्या पानावरच्या चतुःसीमांवरून ठरवायचं. मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते आणि कोर्टापेक्षा जास्त वेळ या रजिस्टरांपुढे काढते. बँकेला कर्ज द्यायचं असतं, कुणाला गुंठेवारीतला प्लॉट घ्यायचा असतो, त्यांना तीस वर्षांचा सर्च हवा असतो. मी पाहते, लिहिते, खाली सही करते. सहीच्या वर ते फाटलेल्या पानांचं वाक्य.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते माझ्या ज्युनियर मुलीमुळे. तिनं मोबाइलवर एक नवं साधन शोधलं होतं.

‘मॅडम, यात पीडीएफ टाकली की दस्त खरा की खोटा ते सांगतं. खास वकिलांसाठी आहे. आणि फ्री.’

‘अटी वाचल्यास का गं?’

‘त्या कोण वाचतं, मॅडम?’

‘आपण वाचतो. लोक आपल्याला त्याचेच पैसे देतात.’

मग प्रिंट काढून चहाबरोबर वाचल्या. दिलेली माहिती जशी आहे तशी आहे, तिच्या अचूकतेची हमी नाही. हा कायदेशीर सल्ला नव्हे. निकालावर विसंबून काही केलंत तर जबाबदारी तुमची. तरीही कंपनीवर काही देणं निघालंच, तर ते वापरणाऱ्यानं भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही. भरलेली रक्कम शून्य, तेव्हा हिशेब सोपा. वर, चढवलेले दस्त सेवा सुधारण्यासाठी ठेवून घेण्याची मुभाही कंपनीनं स्वतःला देऊन ठेवलेली. म्हणजे पक्षकारानं विश्वासानं माझ्या हाती दिलेलं खरेदीखत मी त्यांच्या पोतडीत टाकायचं. पक्षकाराचं गुपित सांभाळायचं बंधन माझ्यावर कायद्यानं आहे, त्यांच्यावर नाही.

राग आला नाही. मसुदा चांगला होता, आणि ओळखीचाही वाटला. कागद तपासणाऱ्यानं आधी आपली हद्द आखून घ्यायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. मात्र त्या हद्दीच्या आत कुणीतरी नावानिशी उभं असायचं. कागद खरा की खोटा याच्या सगळ्या इतिहासात मला तेवढंच बघण्यासारखं वाटतं: कोण उभं होतं आणि कुठपर्यंत.

एका देशमुख घराण्याचे वारस वाटपाच्या दाव्यासाठी आले होते. त्यांनी पितळी नळकांड्यातून एक महजर काढला. महजर म्हणजे गोतसभेनं वतनाच्या भांडणात दिलेला निवाडा. टेबलावर उलगडायला लागलो तर तो टेबलाच्या पलीकडे जाऊन लोंबायला लागला. एवढा मोठा कागद पूर्वी मिळत नसे, म्हणून तुकड्याला तुकडा खळीनं जोडत जायचे. मी तो उलटा केला. पाठीमागे प्रत्येक जोडावर शिक्का होता, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या तुकड्यावर. मधला तुकडा कुणी बदलला तर शिक्क्याची दोन अर्धुकं जुळणार नाहीत. एवढी साधी युक्ती, आणि शे-दोनशे वर्षांनंतरही मी माझ्या बोटानं ती तपासू शकले.

खाली सह्यांच्या जागी चित्रं होती. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा. या निशाण्यांकडे आपण कौतुकानं, लोककला म्हणून बघतो, वकिलानं तसं बघू नये. त्या साक्षीदाराच्या सह्या आहेत. निशाणी करणाऱ्याला बहुधा लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा वरच्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर बरोबर आहे असं तो म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, मी त्या बैठकीत होतो आणि माझ्यासमोर हे ठरलं. त्याची हमी तेवढीच. पण उद्या ते नाकारलं तर त्याला त्याच गावात, त्याच लोकांत नांदायचं होतं.

सरकारी कागदाची शिस्त आणखी कडक. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या कागदांवरच्या त्या शेवटच्या छोट्या शिक्क्यात मर्यादा हा शब्दच कोरलेला आहे. त्याच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती बाद. शिवाय ‘सुरु सूद’, ‘बार सूद’ असे शेरे, म्हणजे कागद कुठल्या कारकुनाच्या हातून गेला आणि दप्तरी चढला, याची खूण. मला सर्वांत आवडते ती इनाम-वतनाच्या पत्रांमधली ठरलेली सूचना: दरवर्षी नवं पत्र मागू नका, याची नक्कल लिहून ठेवा आणि अस्सल कागद ज्याचा त्याला परत द्या. अस्सल घरी, नक्कल दप्तरात. आजचा दुय्यम निबंधक दस्त स्कॅन करून आपल्याला परत देतो, त्यामागे हीच व्यवस्था आहे. कागदाचा मालक कोण आणि तपासणाऱ्यानं स्वतःकडे काय ठेवायचं, हे त्यात एका ओळीत सांगून टाकलं होतं.

याचा अर्थ तेव्हा लबाडी नव्हती असा नाही. वतनाचे तंटे तीन-तीन पिढ्या चालत आणि बनावट महजर हे त्यातलं नेहमीचं हत्यार. असा कागद पुढे आला की जाणकार माणूस मजकूर नंतर वाचतो, आधी तारीख बघतो. शुहूर सन अरबी अंकनामांत लिहिलेला, शेजारी शक, महिना, तिथी, वार. लबाडी करणाऱ्याला वळण साधतं, शाई साधते, पण हे सगळे हिशेब एकमेकांशी जुळवताना तो हमखास कुठेतरी घसरतो. कागद आणि साक्षी दोन्ही बाजूंनी सारखेच पडले तर मग दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि हाताला बांधलेली पिशवी काही दिवसांनी सोडून बघायची. त्या तपासणीत जबाबदारी देवावर होती. देवाच्याही काही अटी असतील, त्या कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

आता साताऱ्याची गोष्ट, कारण कागदाच्या खरेखोटेपणावरून आमच्या गावानं गादी गमावलेली आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला. त्याच्या पाचव्या कलमानं महाराजांना परक्या सत्तांशी परस्पर संबंध ठेवायला बंदी होती. पुढे १८३६ पासून आरोप सुरू झाले. आधी इंग्रजी पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवल्याचा, मग नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी आणि गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार केल्याचा. पुरावा म्हणून कागद होते आणि कागदांवर महाराजांचे शिक्के होते. महाराजांच्या बाजूचं म्हणणं असं की शिक्के बनावट, कागद रचलेले.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? शिक्का उमटला म्हणून कागद खरा होत नाही, हे दिवाणी कोर्टातला पट्टेवालाही सांगेल. शिक्का कुणाच्या ताब्यात असे, कागद कुणाच्या घरात सापडला, तो आणून देणाऱ्याला काय मिळालं, मधे किती हात लागले, हे विचारायचं. ज्याच्यावर आरोप, त्याच्यापुढे कागद ठेवायचा आणि ‘हा तुझा का?’ असं विचारायचं. महाराज हेच मागत राहिले की पुरावा दाखवा आणि माझं म्हणणं ऐका. उघड चौकशी काही झाली नाही.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी तोडगा काढला. तहाचा भंग झाल्याचं मान्य करणाऱ्या मजकुरावर महाराजांनी सही करावी, मागचं सगळं माफ, राज्य राहील. मजकूर तयार होता, फक्त सही हवी होती. महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते कबूल करण्यापेक्षा राज्य सोडलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथेच १८४७ मध्ये ते वारले. गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ पुढच्याच वर्षी गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. वाचल्याशिवाय ‘मान्य आहे’वर बोट दाबणाऱ्या पोरापोरींना मी ही गोष्ट सांगते. महाराजांनी मजकूर नीट वाचला होता, म्हणून तर सही केली नाही.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. इंग्रजी येत नव्हतं, तिथे जाऊन शिकले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून साताऱ्याचं प्रकरण त्यांनी पुन्हा पुन्हा उठवायला लावलं. जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे लोक त्यांच्या बाजूनं बोलले. मायदेशी परतलेल्या त्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनंही असा पत्रव्यवहार झाल्याचं नाकारलं. उपयोग शून्य. ज्यांनी कागद खरे ठरवले होते त्यांच्याकडेच अपील होतं, आणि आपण काय तपासलं, कसं तपासलं हे सांगण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी रंगो बापूजींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. आमच्या बार रूममध्ये तो असायला हवा होता. तिथे कॅरम आहे.

इनाम कमिशनचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते नीट सांगायचं तर वेगळा लेख लागेल. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात इंग्रज सरकारच्या वतीनं एल्फिन्स्टननं वतनं-इनामं चालू ठेवण्याचं वचन दिलं होतं. पंचवीस वर्षांनी त्याच सरकारनं ‘सनद दाखवा’ म्हणून कमिशन नेमलं आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं त्याला बळ दिलं. घरातली सनद पेशवे दप्तरातल्या नोंदीशी ताडून बघायची, ही पद्धत म्हणून चूक नव्हती. अन्याय होता तो सिद्ध करण्याचा भार कुणावर टाकला यात. आजोबांना मिळालेलं इनाम नातवानं सिद्ध करायचं, आणि घरातला कागद पावसात भिजला असेल तर जमिनीवर सारा बसायचा. लोकहितवादी गोपाळराव देशमुखांनी या कमिशनात अधिकारी म्हणून काम केलं होतं, हे फार जणांच्या लक्षात नसतं. त्या ताडणीच्या निमित्तानं पेशवे दप्तर लावलं गेलं, ते आज पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातूनच निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. जप्तीसाठी लावलेल्या दप्तरावर आपला इतिहास उभा आहे.

पण मला विचाराल तर कागद तपासण्याची आपल्याकडची सर्वांत शहाणी व्यवस्था एका दंग्यातून निघाली. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. लोकांना पैसे नको होते, दागिने नको होते. त्यांना रोखे, गहाणखतं आणि कोर्टाचे हुकूमनामे हवे होते. सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले की बहुतेक ठिकाणी मारहाण होत नसे. कागदांची होळी करायची आणि घरी जायचं.

का? कारण ते कागद कायद्यानं खरेच होते. अंगठा कुळाचा, साक्षीदार गावातले, स्टॅम्प सरकारी. आत काय लिहिलंय ते मात्र अंगठा देणाऱ्याला कधी कळलेलं नव्हतं. पन्नास घेतले तिथे शंभर लिहिलेले, व्याज आधीच मुदलात मिसळलेलं. कोर्ट बघायचं तो अंगठा, आणि हुकूमनामा द्यायचं. कागद अस्सल आणि व्यवहार खोटा, हे त्या चौकटीत बसतच नव्हतं.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार खणून काढायचा अधिकार दिला. आणि दुसरं कलम त्याहून नामी: शेतकऱ्यानं करून दिलेला कर्जाचा दस्त व्हिलेज रजिस्ट्रारसमोर झाला नसेल तर पुराव्यात चालणार नाही. हा रजिस्ट्रार शहरातल्या कचेरीत बसणारा नव्हे, गावांच्या एका गटासाठी नेमलेला. दस्त त्यानं स्वतः लिहायचा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा. दोन्ही पक्ष तेच का, याची खातरजमा करायची. मजकूर समजावून द्यायचा. मगच सह्या-अंगठे, आणि शेवटी त्याची स्वतःची साक्ष. सही खरी का, एवढ्यावर न थांबता करून देणाराला हे कळलंय का, हा प्रश्न विचारणारा अधिकारी मला आपल्याकडच्या कायद्यांत आधी कुठे दिसत नाही. व्यवहारात त्यातही पळवाटा निघाल्या. कर्जाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, पैसे दिलेस की जमीन परत. सावकाराच्या हुशारीला कायदा नेहमी एक फेरा मागे असतो. तरी ती कलमं मी अधूनमधून काढून वाचते.

आजचा आमचा संसार १९०८ च्या नोंदणी कायद्यावर चालतो. दुय्यम निबंधकापुढे दस्त आला की त्यानं बघायचं ते एवढंच: करून देणारा तोच का, आणि दस्त केल्याचं तो कबूल करतो का. जमीन त्याची आहे का, हे तो बघत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच पुन्हा सांगितलं की मालकी तपासणं नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. दस्ताच्या शेवटी छापलेलं असतं की खालील इसम करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात. हे व्यक्तिशः ओळखणारे इसम कधीकधी बाहेरच्या बाँड रायटरच्या टपरीवर चहा पीत असतात आणि हाक मारली की येतात. म्हणून २००१ च्या दुरुस्तीनं फोटो आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले.

याच कायद्याच्या ८६ व्या कलमाखाली निबंधकानं सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा लावता येत नाही. हे आपल्या फुकट्या साधनाच्या अटीचं पणजोबा कलम. पण त्याच्या पाच घरं अलीकडे ८१ वं कलम बसलेलं आहे. चूक आहे हे ठाऊक असून, कुणाचं नुकसान करायच्या इराद्यानं नोंदणी केली तर सात वर्षांपर्यंत कैद. ढाल दिली, पण बेडीही शेजारी टांगून ठेवली. शिवाय त्याची सही, हुद्दा, दस्त क्रमांक, तारीख आणि वेळ कागदावर असते. पन्नास वर्षांनी मला ती वाचता येते.

मधल्या काळात सरकारी कागदावरचाच भरवसा उडाला. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रसामग्री मिळवून अब्दुल करीम तेलगीनं मुद्रांक छापले आणि ते देशभर खपवले. २००१ मध्ये त्याला अटक झाली, पुढे तीस वर्षांची शिक्षा. आमच्याकडे त्या काळात पक्षकार स्टॅम्प उजेडाकडे धरून यायचे. ‘बाई, यात पाणचिन्ह दिसतंय का बघा.’ मी बघायची आणि म्हणायची, दिसतंय. त्यापलीकडे मी काय सांगणार होते? पुढे फ्रँकिंग आलं, ऑनलाइन चलन आलं आणि स्टॅम्प उजेडाकडे धरणं बंद झालं.

सात-बाराची गंमत मात्र प्रत्येकानं स्वतः करून बघावी. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सात-बारा फुकट बघता येतो. पण त्याच्यासोबत सूचना असते की ही माहिती कायदेशीर किंवा शासकीय कामासाठी वापरता येणार नाही. तोच उतारा, तोच गट, तीच नावं, डिजिटल सहीसह घ्यायचा तर पंधरा रुपये, आणि तो मात्र सगळीकडे चालतो. सरकारनं पंधरा रुपयांत काय विकलं? अक्षरं तीच आहेत. विकली ती सही. त्यावर छापलेला सोळा अंकी क्रमांक टाकून कुणीही ती पडताळू शकतं. मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो. जिथे उभं राहायचं नाही तिथे स्पष्ट सांगितलंय, आणि जिथे उभं राहायचं तिथे पंधरा रुपये घेऊन उभे आहेत. तरीही सात-बारा हा मालकीचा पुरावा नव्हेच. महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाखाली नोंद खरी धरायची, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.

ज्युनियरच्या हट्टापायी आम्ही ते साधन एका दस्तावर चालवून बघितलं. दस्त माझ्याच घराच्या जागेचा, पक्षकाराचा नव्हे. डिजिटल सही अबाधित, फाइलमध्ये नंतर बदल नाही, हिरवी खूण. काम वाईट नाही. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी तिचा हॅश बदलतो, म्हणजे महजराच्या जोडावरचा शिक्का जे करत होता तेच. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जो दाखला जोडावा लागतो, त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकारानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. दोन्हीकडे हॅशची जागा आहे, आणि दोन्हीकडे नाव लिहून सही करायची जागा आहे. हॅश साधन काढून देईल. तज्ज्ञाच्या नावाच्या जागी काय लिहायचं, याबद्दल अटींमध्ये एक अक्षर नव्हतं.

आणि जे खरं दुखणं ते फाइलमध्ये नसतंच. आमच्याकडचं एक नेहमीचं प्रकरण घ्या. वडील वारले, भावांनी वारस नोंद घातली, दोन बहिणींची नावं लावलीच नाहीत. भावांनी जमीन विकली. खरेदीखत नोंदलेलं, सह्या खऱ्या, ठसे खरे, स्टॅम्प पुरेपूर. असा दस्त साधनात टाकला तर खूण हिरवीच येणार. बहिणी सापडतात त्या तलाठ्याच्या सहा-क नोंदवहीतल्या अर्जात, शेजारच्या म्हातारीशी बोलताना, किंवा जाहीर नोटीस पेपरात आल्यावर नांदेडहून येणाऱ्या फोनवर. १८७५ चे शेतकरी जे ओरडून सांगत होते तेच हे, की कागद खरा आहे हो, पण व्यवहार बघा.

‘मग वापरायचं की नाही, मॅडम?’

‘वापर. पण रिपोर्टमध्ये लिही की अमुक तारखेला अमुक साधनावर फक्त डिजिटल सही तपासली. आणि त्याखाली तुझं नाव घाल. साधनाचं नको.’

ते तिला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. नाव तिचं, मग साधनानं केलं काय? मग तिनंच अटींचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. वाद निर्माण झाल्यास तो अमेरिकेतल्या एका राज्याच्या न्यायालयातच चालेल आणि वापरणाऱ्याला हे मान्य आहे.

‘तिथे कोण जाणार?’ ती म्हणाली.

साताऱ्याचा एक माणूस कागद खोटे आहेत हे सांगायला लंडनला गेला होता आणि १८५३ पर्यंत परत आला नव्हता, हे मी तिला सांगितलं. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि सहा-कच्या नकलेसाठी तलाठ्याच्या नावे अर्ज लिहायला घेतला.